विल्बरफोर्सने घेतलेली मसलत

इ.स. १७८५ च्या डिसेंबरात, नुकताच मनःपूर्वक ख्रिस्ताकडे वळलेला आणि आता राजकारणाचा त्याग करावा की काय या संभ्रमात सापडलेला २६ वर्षांचा खासदार विल्यम विल्बरफोर्स, भेटीचा बोभाटा होऊ नये अशी विनंती आगाऊ पत्राने करून, लंडनमध्ये साठीतल्या जॉन न्यूटन या पाळकाच्या दारी मसलतीस गेला. तेही तिथल्या चौकाला एकदोन फेऱ्या मारून मन घट्ट केल्यावरच! एकेकाळी गुलामांच्या जहाजाचा कप्तान असलेल्या न्यूटनने त्याला संन्यासाची दीक्षा न देता पार्लमेंटातच राहून ईश्वरसेवा करण्याचा सल्ला दिला. मला विशेष वाटते ते हे, की १७८८ मध्ये या वृद्धाने स्वतःच्याच जुन्या धंद्याविरुद्ध पुस्तिका प्रसिद्ध केली. आणि १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापाराला बंदी करणारा कायदा मंजूर झाला, तेव्हा तो हयात होता.