पॉवरशेलमधले एनम: नाव लिहा, आकडा तो सांभाळतो

पॉवरशेलमध्ये स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी एनमशी जरा दोस्ती करावीच. एनम म्हणजे ठरावीक नावांची यादी, प्रत्येक नावामागे एक आकडा. 'डेऑफवीक' घ्या: संडे 0, सॅटरडे 6. नावाच्या स्ट्रिंगला कंसातलं टाइपनाव लावून कास्ट केलं की एनमची किंमत तयार. कॅपिटल-स्मॉलची कटकट नाही, आणि नुसतं 'मन' एवढीच इंग्रजी अक्षरं दिली तरी मंडे मिळतो. नुसतं 'एस' दिलंत तर मात्र एरर, कारण संडेही 'एस'नेच सुरू होतो आणि सॅटरडेही. चुकीचं नाव दिलं तर एररमध्येच चालणाऱ्या नावांची यादी येते. मला तर डॉक्युमेंटेशन उघडण्यापेक्षा हेच सोयीचं वाटतं!

खरी गंमत फ्लॅगवाल्या, म्हणजे एका वेळी अनेक नावं एकत्र चालणाऱ्या एनममध्ये. फाइल अ‍ॅट्रिब्यूट्स बघा: रीडओन्ली 1, हिडन 2, सिस्टम 4, अर्काइव्ह 32. एकाच फाइलला हिडन आणि अर्काइव्ह दोन्ही असतील तर किंमत 34. आता 'ईक्यू'ने हिडनशी तुलना केलीत तर उत्तर फॉल्स, फाइल लपलेली असूनही! कारण 34 म्हणजे 2 नव्हे. इथे 'बँड' ऑपरेटर वापरा, नाहीतर 'हॅजफ्लॅग' मेथड. मला दुसरी आवडते, सहा महिन्यांनी वाचली तरी कळते.

स्वतःचा एनम हवा असेल तर आवृत्ती 5 पासून 'एनम' हा कीवर्ड आहे. त्याआधी सी-शार्पचा तुकडा 'अ‍ॅड-टाइप'ला द्यावा लागायचा. फंक्शनच्या पॅरामीटरला असा टाइप लावा, टॅब दाबा, पर्याय आपोआप येतात.