चार तासांच्या आतले रक्त

कोळंबी खाल्ली आणि काही मिनिटांत अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडला. ही तीव्र ॲलर्जीच होती का, हे पडताळण्यासाठी रक्तातील ट्रिप्टेज मोजतात. मास्ट पेशींतून बाहेर पडणारे हे द्रव्य सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते. म्हणून नमुना चार तासांच्या आत हवा. दुसरा किमान २४ तासांनी, नेहमीची पातळी कळावी म्हणून. त्या पातळीची १.२ पट अधिक २ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, एवढा किंवा याहून मोठा आकडा पहिल्या नमुन्यात आला, तर संशयाला बळ मिळते. अडचण अशी, की अन्नाच्या ॲलर्जीत, विशेषतः मुलांत, तो बऱ्याचदा वाढतच नाही. रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला म्हणून कोळंबी पुन्हा ताटात घेण्याची घाई नको. ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन मात्र रिपोर्टआधीच, लक्षणे दिसताच मांडीत द्यायचे असते.