कासवांच्या वाटा, माणसांच्या सीमा

मसुऱ्यावरून वाहणारी गड नदी कालावलच्या खाडीने समुद्राला मिळते. तेथून जवळच, तोंडवळीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. या माद्यांना राज्यांच्या व देशांच्या सीमा ठाऊक नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरहून उपग्रहयंत्र लावून सोडलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. २०२१ मध्ये ओडिशात खुणेची पट्टी लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालून गेली.

अशा स्थलांतरित प्राण्यांसाठी १९७९ चा बॉन करार असून भारत १९८३ पासून त्याचा सदस्य आहे. परंतु करार कागदावरून किनाऱ्यावर उतरतो तो रात्री गस्त घालून घरटी राखणाऱ्या ग्रामस्थाच्या आणि जाळे कापून कासव सोडणाऱ्या मच्छीमाराच्या हातून. कापलेल्या जाळ्यापोटी महाराष्ट्र शासनाने पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाईची योजना आखली, हे उचितच झाले. तोच न्याय घरट्याच्या राखणदारालाही लावला पाहिजे. त्याचे मानधन वेळेवर पोहोचणे ही मेहरबानी नव्हे. ते आंतरराष्ट्रीय कर्तव्यच होय. एका किनाऱ्यावर अंडी लुटली गेली, तर दुसऱ्या देशाने केलेले रक्षणही व्यर्थ ठरते.