पाचशे बारा बाइटांचा अंमल

कळ दाबताच संगणक जागा होतो असे आपण सहज म्हणून जातो. परंतु त्या पहिल्या क्षणी आपल्यापाशी डिस्क आहे, तिच्यावर फायली आहेत आणि त्या फायलींत विंडोज अथवा लिनक्स नामक एखादी कार्यप्रणाली वास करून आहे, यांपैकी कशाचीही त्याला वार्ता नसते. प्रोसेसरला ठाऊक असतो तो केवळ एक ठरीव पत्ता, आणि त्या पत्त्यावर असते मदरबोर्डावरील चिपमध्ये नोंदलेली आज्ञावली. 1981 साली आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला तेव्हापासून ती बायोस या नावाने प्रसिद्ध आहे. मेमरी, कीबोर्ड, पडदा यांची हजेरी घेऊन झाली की बायोस डिस्कच्या पहिल्याच सेक्टरातील 512 बाइट उचलून मेमरीत ठेवते आणि सारा कारभार त्यांच्या हवाली करून मोकळी होते.

या इवल्याशा जहागिरीची वाटणी पाहण्याजोगी आहे. 446 बाइट प्रत्यक्ष आज्ञांना, 64 पार्टिशनांच्या तक्त्याला, आणि उरलेले दोन शिक्क्याला. हा शिक्का, म्हणजे षोडशमान पद्धतीतले 55 आणि एए, जागेवर नसेल तर बहुतेक बायोस त्या डिस्कला रुजूच करून घेत नाहीत. तक्त्यात प्रत्येक पार्टिशनाला 16 बाइट, म्हणून मुख्य पार्टिशने चारच. आणि सेक्टरांची मोजणी 32 बिटांत, म्हणून नेहमीच्या 512 बाइटांच्या सेक्टरांनी 2 टेराबाइटांपलीकडचा मुलूख या दफ्तरात नोंदवताच येत नाही. अलीकडच्या यूईएफआय व्यवस्थेने या अडचणी बव्हंशी दूर केल्या आहेत. तथापि जुनी यंत्रे अद्याप पुष्कळ आहेत.

446 बाइटांत फार शहाणपण मावत नाही. म्हणून लिनक्सबरोबर येणारा ग्रब हा बूटलोडर तेथे केवळ आपल्या दुसऱ्या भागाचा पत्ता ठेवतो. तो भाग पहिल्या सेक्टरामागच्या मोकळ्या जागेत असतो, आणि तिसरा, म्हणजे निवडीची यादी दाखविणारा, थेट लिनक्सच्या पार्टिशनात. कोणी हौशी गृहस्थ विंडोजशेजारी लिनक्स बसवितो, काही दिवसांनी त्याला कंटाळून ते पार्टिशन पुसून टाकतो, आणि पुढच्या खेपेस काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढीच अक्षरे उमटलेली पाहून विंडोजही गेले असे समजून हवालदिल होतो. वस्तुतः विंडोजला धक्काही लागलेला नसतो. विंडोजच्या यूएसबीवरून यंत्र सुरू करून ‘बूटरेक’ला ‘फिक्सएमबीआर’चा हुकूम दिला की त्या 446 बाइटांत विंडोजच्या आज्ञा बसतात आणि बहुधा काम भागते. पार्टिशन शाबूत असून केवळ त्याचा क्रमांक बदललेला असेल, तर तेवढीही यातायात नको: ‘एलएस’ने पार्टिशने पाहावीत, ‘सेट प्रिफिक्स’ने ग्रबच्या फायलींचा नवा पत्ता द्यावा, मग ‘इन्समॉड नॉर्मल’ आणि ‘नॉर्मल’. कारभार कोणत्या टप्प्यावर अडला हे न पाहता सगळी डिस्क फॉरमॅट करणारे तंत्रज्ञ गल्लोगल्ली आहेत, आणि गिऱ्हाइकाचे फोटो त्यांच्या घाईपायी नाहक बळी जातात.

सुरुवातीचे पर्याय बदलतानाही असाच विवेक हवा. ग्रबच्या यादीत ‘ई’ दाबून केलेला फेरफार त्या एका खेपेपुरताच टिकतो; म्हणून पडदा काळा राहत असेल तर ‘नोमोडसेट’ हा शब्द आधी तेथेच लिहून पाहावा, आणि गुण आला तरच तो कायमच्या फायलीत घालावा. उबुंटूमध्ये ती फाइल बदलल्यावर ‘अपडेट-ग्रब’ चालवावे लागते, अन्यथा बदल कागदावरच राहतो.

ही सारी विद्या हौशी मंडळींपुरती, असे वाटत असेल तर 19 जुलै 2024चा दिवस आठवावा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीची एक सदोष फाइल जगभर गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे 85 लाख विंडोज यंत्रे कोलमडली. त्यांतली कित्येक सुरू होऊन पुनःपुन्हा बंद पडत राहिली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास प्रवाशांना मिळाले. उपाय साधाच: सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल पुसणे. परंतु जे यंत्र सुरूच होत नाही त्याला दुरून हुकूम कोण पोचविणार? कर्मचाऱ्यांना असंख्य यंत्रांपुढे एकेक करून बसावे लागले. आणि जेथे डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद होती, तेथे बहुधा आधी 48 अंकी किल्ली हुडकावी लागली, जी काही ठिकाणी नेमक्या त्याच वेळी बंद पडलेल्या सर्व्हरवर होती.