सोळा रंगांची पाटी

कलर १४, १. खालच्या ओळीत सीएलएस. मग प्रिंट आणि अवतरणचिन्हांत स्वतःचं नाव. एफ५ दाबलं की सगळा पडदा निळा आणि त्यावर पिवळं नाव. १९९१ साली एमएस-डॉस ५ सोबत क्यूबेसिक आलं. त्यावर प्रोग्रामिंगचा श्रीगणेशा केलेल्यांना या तीन ओळी अजून पाठ असतील.

या रंगांमागची काटकसर बघण्यासारखी आहे. पडद्यावर ८० स्तंभ आणि २५ ओळी, म्हणजे २००० घरं. प्रत्येक घराला दोन बाइट: एक अक्षराचा, दुसरा रंगाचा. अख्खा रंगीत पडदा ४००० बाइटांत बसायचा. रंगाच्या बाइटातले चार बिट अक्षराला. लाल, हिरवा, निळा आणि उजळपणा यांच्या जुळणीतून सोळा रंग निघतात. तीन बिट पार्श्वभूमीला, म्हणून तिच्या वाट्याला आठच रंग. उरलेला एक बिट लुकलुकण्याचा. रंगाच्या आकड्यात १६ मिळवले की अक्षरं उघडझाप करू लागत, आणि नवशिक्यांना याचा मोह काही आवरत नसे.

यात ६ क्रमांकाचा रंग गमतीचा. हिशेबाने तो मळकट पिवळा यायला हवा. पण आयबीएमच्या रंगीत मॉनिटरमध्ये तेवढ्या एका रंगासाठी हिरवा कमी करणारी वेगळी जोडणी होती, म्हणून तो तपकिरी दिसतो. पुढच्या यंत्रांनीही तो तपकिरीच ठेवला.

खरी मजा मात्र रंगाला कळफलकाची जोड मिळाल्यावर. इनपुट ही आज्ञा एंटर दाबेपर्यंत प्रोग्राम अडवून ठेवते. इन्की-डॉलर थांबत नाही. कळ दाबलेली आहे का एवढं पाहतं, नसेल तर रिकाम्या हाताने परततं. बाणाची कळ दाबली तर दोन वर्ण मिळतात: पहिला शून्य क्रमांकाचा, दुसरा वरच्या बाणासाठी एच, खालच्यासाठी पी. एवढ्यावर मेनू उभा राहतो. लोकेटने ओळ गाठायची, निवडलेल्या ओळीचे रंग उलटे करायचे, आधीची ओळ पूर्ववत करायची. दर वेळी सीएलएस करणाऱ्याचा पडदा फडफडतो. बदललेल्या दोनच ओळी पुन्हा छापणाऱ्याचा मेनू सफाईने सरकतो. माझ्या मते प्रोग्रामिंगमधली शिस्त शिकवायला याहून चांगला धडा नाही.

मराठी अक्षरं मात्र या घरांत मावत नव्हती. कानामात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं यांची सोय अक्षराच्या एका बाइटातून मिळणाऱ्या २५६ चिन्हांत नव्हतीच. डॉसच्या पडद्यावर देवनागरी आणण्यासाठी पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड संगणकात बसवलं जाई.

आज क्यूबेसिकसारखंच क्यूबी६४ फुकट मिळतं आणि विंडोज, लिनक्स दोन्हींवर चालतं. कलर, लोकेट, इन्की-डॉलर तिथे जसेच्या तसे आहेत. घरात प्रोग्रामिंग शिकू पाहणारं कुणी असेल, तर त्याला आधी बाणांनी चालणारा चार ओळींचा मेनू करायला सांगा.