आठवडाभर एकच मुक्काम

फ्रान्सच्या सहलीत पॅरिस झालं की ‘थोडं खेड्यांतलं फ्रान्सही पाहू’ म्हणणारी मंडळी बहुधा एका दिवसात चार गावं उरकतात. गाडीतून उतरायचं, किल्ल्यापुढे फोटो काढायचा, कॉफी प्यायची आणि पुढच्या गावाला लागायचं. संध्याकाळी मग कोणता चौक कोणत्या गावातला यावर वाद होतो, कारण दगड सगळीकडे तोच पिवळसर आणि खिडक्यांतली फुलंही तीच. दोष गावांचा नाही, मापाचा आहे. फ्रेंच खेड्याची घडी दिवसाच्या नव्हे, आठवड्याच्या हिशेबाने बसलेली आहे. म्हणून दोघांनी एक घर भाड्याने घेऊन सात दिवस एकाच ठिकाणी राहणं ही नुसती चैन नाही. गाव कळण्याचा तोच सर्वांत व्यवहारी मार्ग आहे. नैर्ऋत्य फ्रान्समधल्या पेरिगोर भागात, दोर्दोन्य नदीच्या काठी हे फार स्पष्ट दिसतं.

इथली काही गावं आपोआप वाढलेली नाहीत, ती ठरवून वसवलेली आहेत. फ्रान्सचा राजा तिसरा फिलिप याने 1281 मध्ये दोम वसवलं; थोड्याच वर्षांत इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने दक्षिणेला मोंपाझिए उभं केलं. अशा गावांना ‘बास्तीद’ म्हणतात. काटकोनात छेदणारे रस्ते, मधोमध चौक, चौकाभोवती कमानींखाली दुकानं आणि लाकडी छपराचा बाजारकट्टा अशी त्यांची ठेवण. मोंपाझिएच्या छपराखाली धान्य मोजण्याची जुनी मापं अजून जागेवर आहेत. या गावांचा जीव आठवडे बाजारात होता आणि आजही आहे. मंगळवारी ल बुग, बुधवारी सार्ला, गुरुवारी दोम, शनिवारी पुन्हा सार्ला, रविवारी सें-सिप्रियें असे वार लागलेले आहेत. एक दिवस आलेल्याला यातला फार तर एक बाजार मिळतो. बाकीच्या गावांत त्याला बंद दारं दिसतात आणि तो ‘गाव सुनं आहे’ असं म्हणून निघतो.

राहण्याची सोयही याच मापाने घडली. 1936 साली लेओं ब्लुम यांच्या सरकारने कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने दिली. ती वाढत वाढत 1982 मध्ये पाच आठवड्यांवर गेली. शहरी माणसाच्या हाती सुट्टी आली, पण हॉटेलचे पैसे नव्हते. दुसरीकडे खेडी रिकामी होत होती आणि शेतघरं पडायला आली होती. सिनेटर एमिल ओबेर यांच्या पुढाकाराने 1951 मध्ये आल्प्सच्या दक्षिण भागात एका घराची डागडुजी करून ते पाहुण्यांना भाड्याने देण्यात आलं. हे पहिलं ‘झीत’. 1955 मध्ये अशा घरांचा राष्ट्रीय महासंघ झाला. शेतकऱ्याला जोडउत्पन्न, जुन्या घराला आधार आणि शहरातल्याला परवडणारी रजा असे तीन हेतू त्यात होते. उन्हाळ्यात ही घरं आजही बहुतेक शनिवार ते शनिवार अशीच दिली जातात.

दोघांसाठी हे सोयीचं का, ते रोजच्या वेळापत्रकात दिसतं. दुपारी बारा ते दोन दुकानं बंद. दुपारचं जेवण मिळतं तेही याच दोन तासांत. सव्वादोनला पोहोचलात तर स्वयंपाकघर आवरलेलं असतं. रविवारी दुपारपासून सोमवारपर्यंत पुष्कळ दुकानांना कुलूप. धावत्या प्रवाशाला हा अडथळा वाटतो, मुक्कामी जोडीला हाच दिवसाचा ठेका होतो. सकाळी बाजार, दुपारी घरी जेवण, ऊन उतरल्यावर नदीकाठी किंवा शेजारच्या गावापर्यंत पायी. करमणुकीची इतर साधनं कमी असल्यामुळे सोबत मात्र पारखून निवडावी लागते. एकाला स्वस्थ बसायचं आणि दुसऱ्याला यादी संपवायची असेल, तर हा आठवडा दोघांनाही जड जाईल.

पहिला आक्षेप खर्चाचा. व्हिसा आणि विमानभाडं एवढं भरल्यावर सात दिवस एकाच गावात घालवायचे? पण एका घरात राहणं म्हणजे एका गावात अडकणं नव्हे. बेनाक, कास्तेल्नो, ला रोक-गाजाक आणि दोम ही चारही गावं नदीच्या जेमतेम दहा-बारा किलोमीटरच्या पट्ट्यात आहेत. शतवर्षीय युद्धात बेनाकचा किल्ला फ्रेंचांकडे आणि समोरच्या काठावरचा कास्तेल्नोचा बराच काळ इंग्रजांकडे होता. एका तटावर उभं राहून दुसरा पाहिला की ती लढाई नकाशाशिवाय समजते. चित्रगुहांचं लास्को सार्लापासून तासाभराच्या आत आहे. मूळ गुहा पाहणाऱ्यांच्या श्वासाने बिघडू लागली म्हणून 1963 मध्ये बंद झाली. आता पाहायची ती 2016 मध्ये खुली झालेली प्रतिकृती. हे सगळं एकाच घरातून पाहताना वाचतं ते रोजचं सामान बांधणं आणि नवं हॉटेल शोधणं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ही गावं आता खरी उरलीत का, की पर्यटकांसाठी मांडलेला देखावा झाली आहेत? कोलोंज-ला-रूजचे महापौर शार्ल सेराक यांनी 1982 मध्ये ‘फ्रान्समधली सर्वांत सुंदर गावं’ ही संघटना काढली, ती गावं जगावीत म्हणून. दोन हजारांहून कमी वस्ती आणि किमान दोन संरक्षित वास्तू वा स्थळं ही तिची अट. नाव लागलं की गर्दी येते, घरं महागतात, हिवाळ्यात झडपा बंद राहतात. हे नाकारण्यात अर्थ नाही. बेनाकमध्ये तर कडा आणि नदी यांच्यामधल्या अरुंद रस्त्यावर वाहनं तुंबतात म्हणून वळणरस्ता बांधायला घेतला. नदीत पुलाचे खांबही उभे राहिले. 2018 मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने काम थांबवलं आणि 2019 मध्ये बोर्दोच्या न्यायालयाने बांधलेलं पाडायचा आदेश दिला. निसर्गदृश्य जपायचं की रस्ता मोकळा करायचा, यावर माणसं इतकी भांडतात ते गाव जिवंत आहे म्हणूनच. शिवाय गर्दीचा मोठा भार तासाभरासाठी येणाऱ्या गाड्यांचा असतो. आठवडाभर राहणारी जोडी पाव, भाजी, फळं तिथेच घेते आणि तिचा पैसा किल्ल्याच्या तिकिटापलीकडे पोहोचतो.

खाण्याची अडचण मात्र खरी आहे. पेरिगोर म्हणजे बदकाचं मांस आणि फोआ ग्रा (बदकाचं पोसलेलं यकृत). शाकाहाऱ्याला उपाहारगृहात फारसं काही सापडत नाही. पारंपरिक फ्रेंच चीजमध्येही बहुधा वासराच्या जठरातलं, दूध गोठवणारं रेनेट असतं. पण भाड्याच्या घरात चूल आपली असते आणि बाजारात अक्रोड, स्ट्रॉबेरी, टोमॅटो, भाज्या भरपूर. वाहनाचंही तसंच: बोर्दोहून येणारी रेल्वे सार्लाला संपते, पुढच्या गावांसाठी गाडी लागतेच. गावांत, वेगळी पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम चालकाने पाठ केलेला बरा.

म्हणून आखणी उलटीकडून करावी. आधी बाजारांचे वार, मग त्यांच्या जवळचं घर, मग विमानाचं तिकीट. जुलै-ऑगस्ट टाळून जून किंवा सप्टेंबर धरावा. घर शनिवारी दुपारनंतर ताब्यात येतं, तेव्हा रविवारी सकाळी सें-सिप्रियेंचा बाजार गाठून सोमवारपर्यंतची भाजी-भाकरी भरून ठेवावी. एवढं जमलं तर मंगळवारी दुकानं उघडेपर्यंत कुठे जायची घाई उरत नाही.