मोटारीच्या पाठीमागचा बाजार

इंग्लंडांत मोटारीच्या मागील सामानाच्या कप्प्यास ‘बूट’ म्हणतात. तेव्हां ‘कार बूट सेल’ हें नांव ऐकून कोणी जोड्यांचा बाजार समजूं नये! रविवारीं सकाळीं एखाद्या शेतांत मोटारी ओळीनें उभ्या राहतात. जागेचें भाडें भरावें, मेज मांडावें आणि घरांतील नको असलेल्या जिनसा त्यावर पसराव्या, एवढाच विधि. कॅनडांतील असा मेळा पाहून स्टॉकपोर्टचे पाद्री हॅरी क्लार्क यांनीं १९७० च्या दशकांत धर्मादाय निधीसाठीं तो इंग्लंडांत आणला, असें सांगतात.

सहलीसाठीं वा एखाद्या सत्कार्यासाठीं पैसे जमविणारीं शाळकरी मुलें तेथें आपलीं खेळणीं, पुस्तकें, आखूड झालेले कपडे मांडतात. मोटार अर्थातच आईबापांची. खरी कसोटी पहिल्या घटकेंत. गांठोडें सुटण्यापूर्वींच व्यापारी गराडा घालतात व चांगली चीज मातीमोलानें मागतात. नवख्या मुलास वाटतें, गिऱ्हाईक आलें, देऊन टाकावें. पण तीच वस्तु तासाभरानें दुप्पट किंमतीस खपूं शकते. उलट, दुपारीं उरलेला माल परत नेण्यापेक्षां पडेल त्या भावानें दिलेला बरा. सुटीं नाणीं मात्र घरूनच न्यावीं. भाडें वजा जातां कधीं कधीं फारसें उरत नाहीं, हेंहि खरें. आणि जिच्यासाठीं एकेकाळीं हट्ट धरला, त्या बाहुलीचे पन्नास पेन्स मोजून घेतांना हात किंचित् अडखळतो.